ब्राउझर कुठे राहतो?

बेंबळी हा शब्द नशीबवान आहे. त्यात जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही. एक मात्रा, एक अनुस्वार आणि शेवटी दीर्घ वेलांटी, एवढंच. त्यामुळे २००५ साली लिनक्सच्या कॉम्प्युटरवर मोझिलाच्या साइटवरून उतरवलेला फायरफॉक्स उघडला असता, तर त्यात माझ्या गावाचं नाव जवळजवळ बरोबर वाचता आलं असतं.

जिल्ह्याच्या नावाचं मात्र हसं झालं असतं. ‘उस्मानाबाद’मधला स आणि म जोडलेच गेले नसते. स पाय मोडून उभा आणि त्याच्या शेजारी अख्खा मा, असं दिसलं असतं. गावाकडचे लोक तेव्हाही सर्रास म्हणायचे ते ‘धाराशिव’ लिहिलं असतं तर आणखी गंमत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, कॉम्प्युटरच्या साठवणीतही नंतरच येते, पण कागदावर काढायची असते आधी. ज्या ब्राउझरला हा नियम माहीत नाही, तो तिला साठवलेल्या क्रमाने, म्हणजे श झाल्यावर काढणार. मग ती जाऊन बसणार पुढच्या व च्या डोक्यावर. वाचणारा वाचणार ‘धाराशवि’.

आता खरी गोष्ट. त्याच कॉम्प्युटरवर, त्याच आवृत्तीचा दुसरा फायरफॉक्स हेच शब्द नीट दाखवू शकत होता. तोच कोड, तोच कोल्हा, तेच पान. दोघांमध्ये दिसणारा फरक एकच होता, पत्त्याचा. एक राहत होता ‘/यूएसआर/लिब’मध्ये, दुसरा ‘/ऑप्ट’मध्ये किंवा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये.

मी तेव्हा तिसरीत होतो आणि कॉम्प्युटर म्हणजे काय हे फक्त ऐकून होतो. हे सगळं मला कळलं ते नोकरीला लागल्यावर, अक्षरमांडणीशी संबंधित एक काम करताना, जुन्या तक्रारींच्या नोंदी चाळून. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. एखादा प्रोग्राम डिस्कवर नेमका कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलाय यावर मराठी वाचता येणं का अवलंबून असावं?

यासाठी आधी हे पत्ते आले कुठून ते बघायला लागतं.

विंडोजवर वाढलेल्या माणसाला लिनक्स पहिल्यांदा उघडल्यावर बावरायला होतं. एमएस-सीआयटी केलेल्या आपल्या दोन पिढ्या ‘सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स’ एवढं पाठ करून आल्या. तिथे प्रत्येक सॉफ्टवेअरचं स्वतःचं घर असतं. लिनक्समध्ये घरं नाहीत, खाती आहेत. चालवायच्या फायली ‘बिन’मध्ये, सगळ्यांनी मिळून वापरायच्या लायब्रऱ्या ‘लिब’मध्ये, फॉन्ट आणि चित्रं ‘शेअर’मध्ये, सेटिंग ‘ईटीसी’मध्ये. एकच ब्राउझर चार ठिकाणी विखुरलेला असतो. सुरुवातीला हे वेडेपणाचं वाटतं. आणि त्यातलं थोडं वेडेपणाचं आहेच.

‘/यूएसआर’चंच घ्या. नवीन पोरांना शिकवताना सांगतात की हे ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’चं लघुरूप आहे. हा अर्थ मागाहून चिकटवलेला आहे. मूळ शब्द साधा ‘यूजर’. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पीडीपी-११ या मशिनवर युनिक्स वाढवत होते. तेव्हाच्या डिस्का म्हणजे आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो त्या एखाद-दुसऱ्या फोटोएवढ्या. सिस्टिम वाढत गेली आणि पहिल्या डिस्कवर मावेना. मग दुसऱ्या डिस्कवर, जिथे वापरणाऱ्यांच्या फायली होत्या, तिथेच सिस्टिमच्या फायली सरकवल्या. ‘/बिन’ भरलं म्हणून ‘/यूएसआर/बिन’ आलं. पुढे वापरणाऱ्यांना वेगळी जागा द्यावी लागली आणि ‘/यूएसआर’मध्ये यूजरच उरला नाही. नाव राहिलं.

यानंतरची चाळीस वर्षं लोकांनी या जागेच्या अडचणीला तत्त्वज्ञान बनवलं. कुठली फाइल ‘/बिन’मध्ये हवी आणि कुठली ‘/यूएसआर/बिन’मध्ये, यावर पानंच्या पानं वाद झाले. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह रिलीज फोरने बाहेरून विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरसाठी ‘/ऑप्ट’ दिलं. स्वतः कंपाइल करून टाकलेल्या गोष्टींसाठी ‘/यूएसआर/लोकल’ होतंच. लिनक्स आल्यावर प्रत्येक डिस्ट्रो आपापल्या मनाने फायली ठेवू लागली, म्हणून १४ फेब्रुवारी १९९४ ला डॅनियल क्विनलन आणि मंडळींनी फायली कुठे ठेवायच्या याचं पहिलं प्रमाण प्रसिद्ध केलं. व्हॅलेंटाइनच्या दिवशी फोल्डरचं प्रमाण काढणारी माणसं. मला ती फार जवळची वाटतात.

आणि अखेर फेडोराने २०१२ मध्ये ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ हा भेदच काढून टाकला. डेबियनला तेच पूर्ण करायला २०२३ उजाडलं. जुना पत्ता मोडला नाही, तिथे एक सिमलिंक ठेवली, म्हणजे जुन्या नावाची पाटी जी तुम्हाला गुपचूप नव्या जागी नेऊन सोडते. त्याच २०२३ मध्ये आमचं उस्मानाबाद अधिकृतपणे धाराशिव झालं. एसटीत आजही कोणी ‘उस्मानाबाद’ म्हटलं तरी कंडक्टर तिकीट बरोबरच देतो. सिमलिंक समजवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

या सगळ्या पत्त्यांत एक मात्र खरा, उपयोगाचा भेद आहे. ‘/यूएसआर’मध्ये जे आहे ते डिस्ट्रोने दिलेलं, डिस्ट्रोने सांभाळलेलं. ‘/ऑप्ट’मध्ये जे आहे ते बाहेरच्याने आणून ठेवलेलं. आणि ‘होम’मध्ये जे आहे ते तुमचं तुम्ही बघा. म्हणजे पत्त्यावरून जागा कळते त्याहून जास्त, जबाबदारी कोणाची ते कळतं.

डिस्ट्रोची रीत गावच्या आडासारखी होती. अक्षरं मांडायला एकच लायब्ररी, चित्रं दाखवायला एकच, कूटलेखनाला एकच, आणि सगळे प्रोग्राम तिथूनच पाणी भरणार. त्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं तर एकदा बुजवलं की सगळ्यांचं काम झालं. याउलट बाहेरून आलेलं सॉफ्टवेअर सगळं सामान स्वतःच्या गाठोड्यात बांधून आणतं, कारण त्याला माहीत नसतं की कुठल्या गावात कुठला आड आहे आणि त्याला पाणी आहे की नाही. प्रत्येकाच्या शेतात स्वतंत्र बोअर. आमच्या भागात ही उपमा फार समजवावी लागत नाही. बोअरचे फायदेही आम्हाला माहीत आहेत आणि पाचशे फुटांवर कोरडी धूळ येते तेही.

आता त्या दोन फायरफॉक्सकडे.

वेलांटी आधी काढायची, स आणि म जोडायचे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, हे काम करणाऱ्या लायब्ररीला लिनक्सच्या जगात पँगो म्हणत. नावातलं ‘पॅन’ ग्रीक, म्हणजे सर्व, आणि ‘गो’ जपानी, म्हणजे भाषा. २००२ मध्ये जीटीके २ आलं तेव्हापासून गनोम डेस्कटॉपवरचं सगळं लिखाण पँगोतून जाऊ लागलं. मेनू, फोल्डरची नावं, टेक्स्ट एडिटर, सगळीकडे देवनागरी ठीक दिसू लागली. ब्राउझर मात्र अपवाद राहिला. मोझिलाने ब्राउझर सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सारखा चालावा म्हणून अक्षरं काढायची स्वतःची यंत्रणा बनवली होती, आणि तिच्या लिनक्सच्या बाजूला देवनागरीचे हे नियम कळत नव्हते. पँगोशी जोडायची सोय कोडमध्ये होती. पण मोझिला जी तयार फाइल साइटवर ठेवत असे, त्यात ती चालू केलेली नसे.

फेडोरा आणि उबुंटूवाले फायरफॉक्स स्वतः कंपाइल करायचे आणि ती सोय चालू करूनच ‘/यूएसआर/लिब’मध्ये ठेवायचे. तो फायरफॉक्स आडावर जात होता. साइटवरून आणून ‘/ऑप्ट’मध्ये सोडलेला जात नव्हता. एवढीच सगळी भानगड.

यात एक उपकथा आहे आणि ती मला खास वाटते. पँगोतून अक्षरं काढली की ब्राउझर किंचित हळू चालायचा. इंग्रजी वाचणाऱ्यांना त्याचा काही फायदा नव्हता, नुसता तोटा. त्यामुळे ‘फायरफॉक्स वेगवान करा’ छापाच्या सल्ल्यांत एक ओळ हमखास असायची, पँगो बंद करणारी. एक व्हेरिएबल १ करायचं, बस. जगभरातल्या पोरांनी ती ओळ चिकटवली. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांचा देवनागरीवर काही राग नव्हता. त्यांच्या पडद्यावर ती कधी आलीच नव्हती, इतकंच.

त्या काळात देवनागरी बरी दाखवणारा आणखी एक ब्राउझर लिनक्सवर होता. केडीई डेस्कटॉपचा कॉन्करर. तो ज्या क्यूटी लायब्ररीवर उभा होता तिला २००३ च्या सुमारास भारतीय लिप्या कळू लागल्या, आणि त्यामागे लार्स नॉल हा माणूस होता, जो कॉन्कररच्या केएचटीएमएल इंजिनाचाही एक मुख्य कर्ता. गंमत अशी की आज कॉन्करर कोणी वापरत नाही, पण त्याचं रक्त सगळीकडे आहे. अ‍ॅपलने केएचटीएमएल उचलून २००३ मध्ये सफारी काढला, त्याचं वेबकिट झालं, वेबकिटवर २००८ मध्ये गूगलने क्रोम उभा केला आणि २०१३ मध्ये त्यातून ब्लिंक वेगळं काढलं. तुम्ही हा लेख फोनवर वाचताय ते बहुधा या घराण्यातल्याच कुठल्यातरी नातवावर.

मांडणीचे नियम झाले, पण मांडायला अक्षरंही हवीत. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले आणि त्यांची देखभाल बरीच वर्षं पुण्याच्या ऑफिसातून होत राहिली. ते ‘/यूएसआर/शेअर/फॉन्ट्स’मध्ये जाऊन बसायचे, म्हणजे मशिनवरच्या प्रत्येकाला मिळायचे. मराठीचे लाड वेगळे असतात. आपला श आणि ल हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा. आणि आपला ‘ऱ्य’. हिंदीला हे अक्षर लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या फॉन्टमध्ये तो हमखास मोडायचा. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचं ‘शेतकर्यांना’ होऊन बसायचं, आर्यांना असतो तसला रफार शेतकऱ्याच्या डोक्यावर. ज्या जिल्ह्यात सोयाबीनच्या भावाशिवाय दुसरी बातमी वाचली जात नाही, तिथे हा किरकोळ दोष नव्हे.

कॉलेजच्या लॅबमध्ये विद्यार्थ्याकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड नसे. मग फॉन्ट टाकायचा कुठे? स्वतःच्या होममध्ये, ‘.फॉन्ट्स’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये. तीच गत ब्राउझरच्या एक्स्टेन्शनची. ती ‘होम’मधल्या ‘.मोझिला’त बसत, कोणाची परवानगी लागत नसे. युनिकोड रुळण्याआधी अनेक वर्तमानपत्रांच्या साइट आपापल्या खासगी फॉन्टमध्ये असत. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी काढलेला फॉन्टचा प्रकार फक्त विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला कळायचा. लिनक्सवर ते पान म्हणजे नुसती रोमन अक्षरांची खिचडी. त्यावर पद्मा नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, आधी तेलुगूसाठी सुरू झालेलं, पुढे देवनागरीलाही आलेलं. ते खासगी फॉन्टमधला मजकूर जागच्या जागी युनिकोड करून द्यायचं. सिस्टिम तुमची नाही, पासवर्ड तुमच्याकडे नाही, पण घरातल्या एका लपलेल्या फोल्डरच्या बळावर मराठी बातमी वाचता येते. ‘होम’ या पत्त्याची किंमत मला इथे कळते.

जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला आणि त्यात मोझिलाने स्वतःच पँगोची वाट धरली. तेव्हापासून कुठूनही आणलेला, कुठेही ठेवलेला फायरफॉक्स वेलांटी जागच्या जागी काढू लागला. मराठी वाचकासाठी हा पत्त्याचा प्रश्न एका रात्रीत संपला. पुढे हार्फबझ आलं. फारसीत ‘ओपन टाइप’चं भाषांतर करून बनवलेलं हे नाव. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सगळे देवनागरी हार्फबझनेच मांडतात, आणि क्रोमसारखे ब्राउझर ते स्वतःच्या पोटात घेऊन फिरतात. म्हणजे शेवटी बोअरनेच पाणी दिलं म्हणायचं. आडाची बाजू घेऊन लिहायला बसलेल्या माझ्यासारख्याला हे कबूल करणं जड जातं, पण खरं आहे. गावच्या आडाला पाणी असेल तर सगळ्यांनाच असतं, नसेल तर कोणालाच नसतं, आणि मराठीला पाणी बरीच वर्षं कुठे होतं कुठे नव्हतं.

इथे हेही लक्षात घेतलं पाहिजे की तेव्हा आपल्याकडे ब्राउझर ‘निवडायची’ मुभा फारशी नव्हतीच. पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ मध्ये लिनक्सची सीडी अंकासोबत वाटली. २००३ पासून लिनक्स फॉर यू हे मासिक आलं. २००५ पासून उबुंटूवाले मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे, एप्रिल २०११ पर्यंत. सीडीवर जो ब्राउझर आला तो तुमचा. डायलअपवर नवा उतरवायचा तर फोनचं बिल बघून वडील ओरडणार. म्हणून डिस्ट्रोने फायरफॉक्समध्ये पँगो चालू केलं होतं की नव्हतं, या कोणा अनोळखी माणसाने घेतलेल्या निर्णयाला तालुक्याच्या ठिकाणी इतकी किंमत होती.

मोझिला आणि डिस्ट्रो यांची भांडणंही याच जबाबदारीवरून झाली. २००६ मध्ये मोझिलाने डेबियनला सांगितलं की तुम्ही कोडमध्ये बदल करता, आमचा लोगो लावत नाही, तर आमचं नावही लावू नका. डेबियन कोणाचं ऐकणारं नव्हे. त्यांनी फायरफॉक्सचं नाव आइसवीझल ठेवलं. आगीचा कोल्हा होता, बर्फाचं मुंगूस झालं. वीझल म्हणजे अगदी मुंगूस नव्हे, पण आमच्याकडे त्याच्या जवळचं तेच. दहा वर्षं हा रुसवा चालला आणि २०१६ मध्ये मिटला. ‘/यूएसआर/लिब’मध्ये राहायचं तर घराचे नियम कोणाचे, पाहुण्याचे की यजमानाचे?

क्रोमने हा प्रश्नच वळसा घालून टाळला. मे २०१० मध्ये लिनक्सवर त्याची स्थिर आवृत्ती आली. तो थेट ‘/ऑप्ट/गूगल/क्रोम’मध्ये बसतो, प्रमाणात बाहेरच्यांसाठी सांगितलेली जागा, नियमाला धरून. पण बसतानाच तो तुमच्या अपडेटच्या यादीत स्वतःची नोंद करतो, म्हणजे पुढचे सगळे अपडेट डिस्ट्रोकडून न येता गूगलकडून. भाडेकरूने आल्याआल्या स्वतःचं वीजमीटर घ्यावं तसं. सोयीचं आहे, नाकारत नाही. माझ्या ऑफिसच्या मशिनवर तोच आहे.

त्याचा मुक्त भाऊ क्रोमियम मात्र आडावर यायला तयार नव्हता. त्याने दुसऱ्यांच्या कितीतरी लायब्रऱ्या आपल्या गाठोड्यात बांधल्या होत्या, काही तर बदलून. फेडोराचा नियम होता की गाठोडं चालणार नाही, आमच्याच लायब्रऱ्या वापरा. त्यामुळे जगातला सर्वांत झपाट्याने वाढणारा ब्राउझर फेडोराच्या अधिकृत भांडारात अनेक वर्षं नव्हता. २०१५ मध्ये फेडोराने नियम सैल केला, त्यानंतर २०१६ मध्ये क्रोमियम आला. आडावर विश्वास असणाऱ्यांची ती हार होती असं माझं मत. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये गूगलने डिस्ट्रोंनी बांधलेल्या क्रोमियममधून बुकमार्क-पासवर्ड सिंक करायची सोय काढून घेतली. कोड मुक्त होता. सोय मुक्त नव्हती.

मग आली तिसरी तऱ्हा. बोअर तर बोअर, पण भिंतीच्या आत. उबुंटूचं स्नॅप आणि दुसरीकडे फ्लॅटपॅक. यात ब्राउझर सगळ्या सामानासकट एका बंद पेटीत येतो, पेटी ‘/स्नॅप’खाली उघडते, आणि आतल्याला बाहेरचं फारसं दिसत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने कल्पना उत्तम. ब्राउझर हा तसाही घरातला सर्वांत धोकादायक प्राणी, कारण तो दिवसभर अनोळखी माणसांचा कोड आणून चालवतो. उबुंटूने २०१९ च्या ऑक्टोबरात क्रोमियम स्नॅपमध्ये नेला. लिनक्स मिंटने २०२० मध्ये स्नॅपला दारच बंद केलं. एप्रिल २०२२ च्या उबुंटूत फायरफॉक्सही फक्त स्नॅप झाला. तुम्ही जुन्या सवयीने ‘एपीटी’ची कमांड दिली तरी मिळायचं स्नॅपच.

पहिल्यांदा उघडायला तो इतका वेळ घ्यायचा की उबुंटूच्या कंपनीने वेग सुधारण्यावर स्वतःच लेखमाला काढली. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी अडचण. पेटीतल्या ब्राउझरला ‘/यूएसआर/लिब’मधली फाइल दिसत नाही. डिजिटल सहीचं जे यूएसबी टोकन असतं, पेनड्राइव्हसारखं, त्याची लायब्ररी नेमकी तिथेच असते. म्हणजे टोकन मशिनला लावलेलं आहे, मशिनला दिसतंय, पण ब्राउझरच्या पेटीत त्याला दार नाही. जगभरातून यावर तक्रारी झाल्या, स्मार्टकार्डवाल्या देशांतून तर फारच. मुंबई-पुण्यात बसून टोकन ही किरकोळ वस्तू वाटते. गावात ग्रामपंचायतीच्या कामापासून टेंडरपर्यंत किती कागद त्या एका टोकनवर अडतात ते तिथे जाऊन बघावं.

बेंबळीत माझ्या चुलतभावाचं ऑनलाइनचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स. दोन मशिनपैकी जुन्यावर मी लिनक्स टाकून दिलं, आणि त्यात मुद्दाम दोन फायरफॉक्स ठेवले. एक बंद पेटीतला, रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. दुसरा ‘/ऑप्ट’मध्ये उघड्यावरचा, टोकनसाठी.

“अरे, दोन-दोन कशाला ठेवलास? दिसायलेत तर सारखेच.”

“दादा, एक सहीचाय, एक बाकीच्या कामाचा.”

“मग कुठला कुठला हाय ते कळायचं कसं?”

प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडचं उत्तर असं होतं की कमांड दिल्यावर लिनक्स ‘पाथ’च्या यादीत क्रमाने शोधतं, ‘/यूएसआर/लोकल/बिन’ आधी, ‘/यूएसआर/बिन’ नंतर, पहिला सापडेल तो चालवतं, आणि लिंकवर टिचकी मारल्यावर कुठला उघडायचा हे पुन्हा निराळ्याच एका सेटिंगमध्ये असतं. मी एवढं बोलेपर्यंत दादाने मलाच माउस द्यायला लावला आणि दोन्ही आयकॉनची नावं बदलून घेतली. ‘सही’ आणि ‘साधा’. आज तिथे कामाला असलेली पोरगीही तसंच म्हणते, ‘साध्यात उघडू का सहीत?’ पन्नास वर्षांच्या त्या सगळ्या प्रमाणांपेक्षा ही दोन नावं मला जास्त कामाची वाटली.

फायरफॉक्सची गोष्ट इथे पुन्हा वळण घेते. जानेवारी २०२४ पासून मोझिला स्वतःच डेबियन-उबुंटूसाठी ‘एपीटी’चं भांडार चालवते. हा फायरफॉक्स ‘/यूएसआर/लिब’मध्ये बसतो. म्हणजे पत्ता यजमानाचा, पण सांभाळणारा पाहुणा. पत्त्यावरून जबाबदारी ओळखायची जी खूण मी वर सांगितली, ती आता तितकीशी खरी राहिलेली नाही.

आणि तुमच्या हातातलं लिनक्स? अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. बेंबळीत लिनक्स वापरणारे किती विचारलं तर लोक दादाच्या दुकानातल्या त्या जुन्या मशिनकडे बोट दाखवतील, आणि ते बोट दाखवताना दुसऱ्या हातात लिनक्सच असेल. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, त्यानंतर आमच्याकडे बहुतेकांनी जो पहिला ब्राउझर आयुष्यात वापरला तो फोनसोबत आलेला क्रोम. निवडायचा विषयच नव्हता.

अँड्रॉइडमध्ये पत्त्यांचा हिशेब सोपा आहे. तुम्ही प्ले स्टोअरवरून घेतलेलं अ‍ॅप ‘/डेटा’त जातं. कंपनीने फोनसोबत दिलेलं सिस्टिमच्या भागात असतं, आणि तो भाग फक्त वाचण्यासाठी. तिथलं तुम्हाला पुसता येत नाही. फायरफॉक्स दाबून धरला तर ‘अनइन्स्टॉल’ येतं, क्रोम दाबून धरला तर बहुतेक फोनवर येतं ‘डिसेबल’. दोन शब्दांतला हा फरक म्हणजे दोन फोल्डरमधला फरक आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात हा मुद्दा होता. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं असेल तर क्रोमसकट सगळा अ‍ॅपचा संच आधीच टाकून द्यावा लागायचा, आणि वापरणाऱ्याला तो काढता येत नाही. आयोगाने गूगलला ज्या सूचना केल्या त्यांत एक होती की आधीपासून टाकलेली अ‍ॅप वापरणाऱ्यांना काढू द्या. प्रकरण अपील न्यायाधिकरणात गेलं. २९ मार्च २०२३ च्या निकालात दंड कायम राहिला आणि चार सूचना रद्द झाल्या. अ‍ॅप काढू देण्याची सूचना त्या चारांतली एक होती.